कहाणी ऐकणारी शेजारीण

घट बसले. दापोली तालुक्यातील मुरुड गावी, नारळी-पोफळींच्या वाड्यांच्या सावलीत वसलेल्या दुर्गादेवीच्या देवळात आता नऊ दिवस ओटी भरणाऱ्या बायकांची वर्दळ राहील. (जंजिऱ्याजवळचे मुरुड निराळे, आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातील, हर्णैच्या अलीकडच्या मुरुडाविषयी लिहीत आहोत.) श्रावणापासून घरोघर वाचलेल्या कहाण्या अजून कानांत असतील. त्यांतील एकीची आठवण आज आम्ही मुद्दाम करून देणार आहो.

शुक्रवारची कहाणी आपणां सर्वांस ठाऊक आहे. भाऊ श्रीमंत, बहीण दरिद्री. भावाच्या घरच्या सहस्रभोजनाच्या पंगतीत ती पोरांना घेऊन बसली, तर भावाने हात धरून तिला उठविले. पुढे तिला लक्ष्मी प्रसन्न झाली आणि भावाने मानाने जेवायला बोलाविले, तेव्हा तिने पानातला एकेक पदार्थ आपल्या एकेका दागिन्यावर ठेवला. कहाणी ऐकताना आपले लक्ष त्या दागिन्यांकडे जाते. परंतु दैव कोठे पालटले ते पाहावे. ती बाई एके दिवशी शेजारणीकडे जाऊन बसली आणि आपल्या गरिबीचे गाऱ्हाणे तिने तिला सांगितले. शेजारणीने ते ऐकून घेतले आणि मग व्रत सांगितले. आधी ऐकणे आणि मग व्रत, असा आमच्या कहाणीचा क्रम आहे. हा क्रम आपण केव्हा विसरलो आणि तो दुसऱ्या कोणी सांभाळला, हे मुरुडच्याच एका घराच्या इतिहासावरून सांगता येते.

महर्षी धोंडो केशव कर्वे हे याच मुरुडचे. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली निवर्तल्यावर त्यांनी १८९३ च्या मार्च महिन्यात पुण्यास गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरुडात खळबळ उडाली. गावाने सभा भरवून बहिष्कार घातला. भावाने त्यांना घरी उतरवून घेतले तर त्या घरालाही वाळीत टाकावे, असे ठरले. पोटच्या मुलाला घरात घ्यावयाची चोरी झालेल्या त्या म्हाताऱ्या आईच्या मनाचे काय झाले असेल, त्याची कल्पनाच करावी. ज्या गावाने हे केले तेच गाव आज त्यांच्या नावाने ओळखले जाते, आणि हा पालट गावाला भूषणावहच आहे. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते मात्र गोदूबाईंविषयी, म्हणजे पुढे आनंदीबाई आणि सर्वांच्या ‘बाया’ झालेल्या स्त्रीविषयी.

देवरुखच्या जोश्यांची ही मुलगी. समजही आली नव्हती तेव्हा लग्न झाले आणि कळावयाच्या आत वैधव्य आले. त्यानंतरची वर्षे कशी गेली ते त्या काळच्या कोणत्याही कोकणी घराच्या माजघरात डोकावले असते तरी दिसले असते. पहाटेपासून रात्रीपर्यंत काम, आणि मंगलकार्य निघाले की मागच्या दारी. कोणी तिला मारीत होते असे नव्हे. पण ‘बाई, तुला काय वाटते?’ हा प्रश्न त्या घरांतून विधवेला विचारीत नसत. विचारणारी भेटली ती मुंबईस. भाऊ नरहरपंत यांनी धीर करून बहिणीला तेथे नेले. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले होते. त्याच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या.

रमाबाई ख्रिस्ती झालेल्या होत्या. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता, आणि त्यामुळे आमच्यापैकी पुष्कळांच्या घरी त्यांचे नाव अजूनही थोडे तिरकसपणेच घेतले जाते. शारदा सदनातील मुली त्यांच्या प्रार्थनेस बसतात यावरून १८९३ साली पुण्यात मोठे वादळ झाले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात कोणाचे किती चुकले, याचा निवाडा या सणाच्या पानावर करण्याचे आम्हांला प्रयोजन नाही. आमचा प्रश्न साधा आहे. विधवा लेकीला दोन शब्द बोलता यावेत म्हणून तिला त्या दाराशी जावे लागले, तेव्हा आमची दारे कोठे होती?

रमाबाई ऐकू शकत होत्या, कारण त्यांच्यापाशी स्वतःची कहाणी होती. कर्वे जन्मले त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी, २३ एप्रिल १८५८ रोजी, त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे वेदशास्त्रसंपन्न. सारे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडणारे. दुष्काळाने त्या कुटुंबाची दशा झाली. वडील गेले, पाठोपाठ आई गेली. आईच्या प्रेताला खांदा द्यावयास पुरेसे ब्राह्मण मिळेनात. कसेबसे दोघे मिळाले, तिसरा भाऊ. चौथा खांदा मुलीने द्यावयाचा होता. ती उंचीने कमी पडली, म्हणून तिरडीचे ते टोक तिने डोक्यावर घेतले आणि सुमारे तीन मैल चालत स्मशान गाठले. पुढे बहीण गेली, भाऊ गेला, आणि १८८२ साली, लग्नाला दोन वर्षेही पुरी होतात न होतात तोच, पती बिपिनबिहारी मेधावी वारले. कडेवर लहानगी मनोरमा होती. पुराण सांगणाऱ्या घरातली ही मुलगी. आपल्या आयुष्याचे पुराण तिने कधी झाकून ठेवले नाही.

ख्रिस्ती मंडळींत ‘साक्ष’ देण्याची एक रीत आहे. जमलेल्या माणसांपुढे उभे राहून आपल्यावर काय गुदरले आणि देवाने त्यातून कसे तारले, हे आपल्या तोंडाने सांगावयाचे. रमाबाईंनीही आपली साक्ष १९०७ साली पुस्तकरूपाने लिहिली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात हाडांचे सापळे झालेल्या मुली त्यांनी पाहिल्या, तेव्हा आपल्याच आईबापांचे दिवस त्यांना आठवले, आणि शेकडो मुली-बाया त्यांनी पुण्याजवळ केडगावला आणल्या. तेथे मुक्ती सदन उभे राहिले. पतितांसाठी कृपासदन, वृद्ध व अपंगांसाठी प्रीतिसदन, आंधळ्यांसाठी शाळा, शिवाय विणकाम, शेती, दूधदुभते आणि बायकांनीच चालविलेला छापखाना. गुजरातेत १९०० साली दुष्काळ पडला तेव्हा तिकडूनही मुली आल्या. त्यांची भाषा निराळी, जात निराळी. उपास मात्र एकच. जिने आईची तिरडी डोक्यावर वाहिली तिच्यापुढे बोलताना उपाशी पोरीला काय लपवावेसे वाटणार? आणि एकीने तोंड उघडले की शेजारी बसलेलीलाही आपले बोलता येते. अन्न-वस्त्र सरकारी छावणीतही मिळते. हे तेथे मिळत नाही. केडगावचे ते काम आजही चालू आहे.

मुरुडच्या मुलखाशीच संबंध असलेली आणखी एक ख्रिस्ती स्त्री येथे आठवते. कवी नारायण वामन टिळक हे याच दापोली तालुक्यातील करजगावचे. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, नाशिकजवळच्या जलालपूरच्या कर्मठ गोखल्यांची लेक, एका रात्रीत जणू पोरक्या झाल्या. नवरा जिवंत, पण धर्माने दूर. मूल जवळ, पण लोकांची तोंडे सहस्र. काही वर्षे ताटातुटीत गेली. मग त्या पतीकडे आल्या, आल्या तरी आपले सोवळे सांभाळीत राहिल्या, आणि नंतर आपल्या मनाने, आपल्या गतीने ख्रिस्ती झाल्या. हे सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात १९३४ पासून भागाभागाने सांगितले. ते दुःख सांगताना त्या हसतात आणि आपल्यालाही हसवितात. आमच्या अनेक देवभक्त घरांतून ते पुस्तक आजीने वाचले, सुनेने वाचले, नातीने वाचले. लिहिणारी ख्रिस्ती आहे म्हणून कोणी ते ठेवून दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

शारदा सदनातून गोदूबाई काय घेऊन आल्या, असे कोणी विचारील. धर्म त्यांनी बदलला नाही. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्यास गेला. गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, तीही विधवाच, त्या आश्रमाचा आधारस्तंभ झाली. इंग्रजीचा गंध बेताचा असताना १९१८ साली ती अमेरिकेस गेली आणि लोकांच्या घरी कामे करून तेथे राहिली. या दोघी बहिणींनी आपापली आयुष्ये लिहून ठेवली. पार्वतीबाईंच्या पुस्तकाचे नाव ‘माझी कहाणी’, आणि बायांच्या पुस्तकाचे ‘माझे पुराण’. ही नावे आमच्या देवघरातली आहेत. ज्या बायकांना व्रताच्या पाटापासून दूर ठेवले गेले, त्यांनी आपली दुःखे सांगावयास व्रतांचेच शब्द घेतले. हे पाहून आम्हांला अभिमानही वाटतो आणि मान खालीही जाते.

आता आजचे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन करणारे परिपत्रक काढले. पुष्कळ गावांनी ते अनुसरले. परंतु नवरात्रातल्या शुक्रवारी हळदीकुंकवाचे बोलावणे करावयास निघालेली गृहिणी अद्याप काही दारे टाळून पुढे जाते, हे आपण सर्वजण जाणतो. शास्त्र विचारावे तर जगदंबेची लेक कोणती आणि कोणती नव्हे, अशी यादी आम्हांला तरी कोठे आढळली नाही. वडील मंडळी रुष्ट होतील, हे खरे कारण. त्यांची समजूत घालण्याचे काम सुनांवर न टाकता घरच्या कर्त्या पुरुषांनी करावे.

आमच्या वाचकांपैकी कित्येकींनी हे कधीच सुरू केले असेल. शेजारच्या ताईंना, घरातल्या आत्याबाईंना पाटावर बसवून ओटी भरली असेल, आणि चहाफराळ झाल्यावर त्यांचे चार शब्द ऐकले असतील. त्यांनी काय सांगितले ते त्यांच्या संमतीने, नावाशिवाय, आम्हांला लिहून पाठवावे. दसऱ्यापर्यंत आलेली पत्रे आम्ही कोजागिरीच्या अंकात याच पृष्ठावर छापू.