वारसा फेरीतले पुणे आणि फेरीबाहेरचे वाडे

पेठांमधले पुणे पायी हिंडून दाखविणाऱ्या खासगी वारसा फेऱ्या हा आता शहरात चांगला रुळलेला व्यवसाय झाला आहे. पूर्वी अशा फेऱ्या इतिहासाची आवड असलेल्या संस्था किंवा एखादे अभ्यासक हौसेने काढत. पन्नास-साठ जणांचा जथा, पुढे कर्णा घेतलेले गुरुजी आणि मागे रेंगाळणारी मुले, असे त्यांचे स्वरूप असे. आता दोघांसाठी, एखाद्या कुटुंबासाठी किंवा परदेशातून आलेल्या एकट्या पाहुण्यासाठीही स्वतंत्र गाईड मिळतो. इंटरनेटवर वेळ ठरवायची, पैसे आगाऊ भरायचे आणि ठरल्या वेळी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर हजर राहायचे.

या फेऱ्यांना सध्या दिवसही अनुकूल आहेत. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली आणि कसबा पेठ व मंडई या स्थानकांमुळे गावठाणात गाडी घेऊन शिरण्याची सक्ती उरली नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांपैकी शिवनेरी, राजगड आणि लोहगड पुणे जिल्ह्यातले आहेत. किल्ले पाहायला येणारा पाहुणा एक सकाळ पेठांसाठी राखून ठेवतो. साहजिकच गाईडला काम मिळते, अमृततुल्याला गिऱ्हाईक मिळते आणि पुण्याला दाद मिळते. या देवघेवीत ज्या वाड्यांच्या जिवावर फेरी चालते, त्या वाड्यांच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

प्रस्तुत प्रतिनिधीने अलीकडेच अशी एक फेरी रीतसर पैसे भरून केली. गाईड स्थापत्यशास्त्राचा पदवीधर असलेला तरुण होता आणि त्याची तयारी उत्तम होती. आख्यायिका कोणती आणि कागदपत्रांत सापडते ते कोणते, याचा भेद तो न विचारताच सांगत होता. 'ध' चा 'मा' करण्याची गोष्ट त्याने टाळली नाही, कारण ती ऐकल्याशिवाय पाहुण्यांना पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाही. पण ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला हा इतिहास, आणि एका अक्षराची करामत ही लोककथा, हे त्याने स्पष्ट केले. एवढी शिस्त सगळेच गाईड पाळत असतील, असे समजण्याचे कारण नाही.

पहिला पेच शनिवारवाड्यातच आहे. १० जानेवारी १७३० रोजी थोरल्या बाजीरावांनी ज्याचा पाया घातला, तो वाडा १८२८ च्या आगीत जळाला. आज उभे आहेत ते तट, बुरूज, दरवाजे आणि दिल्ली दरवाजावरचा नगारखाना. आत जोती आहेत, हजारी कारंजे आहे, हिरवळ आहे, वाडा नाही. तिकीट काढून आत आलेला परगावचा माणूस पाच मिनिटांत विचारतो, की पेशवे राहत कुठे होते? गाईड त्याला जोत्यांवरचे दगड दाखवून खांबांची, चौकांची, माड्यांची कल्पना करायला सांगतो. ती कल्पना प्रत्यक्ष पाहायची तर तटाबाहेर पडून कसब्यातल्या एखाद्या राहत्या वाड्यातच जावे लागते. म्हणजे कायद्याचे सर्व संरक्षण ज्या वास्तूला आहे, तिच्यात पेशवाईतले घर उरलेले नाही. आणि ज्या घरांत ते थोडेफार उरले आहे, त्यांना तसे संरक्षण नाही. फेरीचे सारे सौंदर्य आणि पेठांची सारी अडचण या एकाच गोष्टीत आहे.

लाल महालाची आजची इमारत १९८० च्या दशकात महापालिकेने उभारली, हे सांगून आम्ही पुढे सरकलो. कसबा गणपतीला नमस्कार झाला. मग एका बोळात गाईडने दिंडी दरवाजाची कडी वाजविली.

आत देवडी, देवडीतून चौक, चौकाभोवती ओसरी. सुरूच्या आकाराचे सागवानी खांब, त्यांच्यामध्ये लाकडी महिरपी, डोक्यावर कडीपाट. पूर्वी चौकात आड होता, आता त्यावर लोखंडी जाळी आणि जाळीवर वाळत घातलेल्या चादरी. एका बाजूची माडी टेकू देऊन उभी केलेली. खालच्या खोल्यांत चार बिऱ्हाडे. त्यांतल्या एक आजी ओसरीवर भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करताच गाईडला विचारले, ''अरे, आज किती जण आणलेस?'' तो म्हणाला, ''दोघेच आहेत, आजी.'' या घराचा आणि त्याचा व्यवहार एवढाच. तो दिवाळीला फराळाचा डबा घेऊन येतो, कधी औषधे आणून देतो. आजी त्याच्याकडून पैसे घेत नाहीत. घ्यायचे तर ते कोणी घ्यायचे, भाडेकरूंनी की मालकांनी, यावर वाद होईल एवढे त्यांना ठाऊक आहे.

आजींच्या सांगण्यावरून असे दिसले, की आम्ही अडीच तासांच्या फेरीसाठी जे शुल्क भरले होते, ते त्यांच्या खोलीच्या वर्षभराच्या भाड्याहून अधिक होते. यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठविलेली भाडी ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानेही फारशी हलविली नाहीत. त्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा आहे; पण मूळ भाडेच काही रुपयांचे असेल, तर चार टक्क्यांत एक कौलही येत नाही. मालक अनेक, वारसांपैकी काही परदेशात, वाटण्यांचे दावे न्यायालयात. भाडेकरू खोली सोडत नाही, कारण सोडली की शहराच्या मध्यातले छप्पर कायमचे जाते. मालक दुरुस्ती करीत नाही, कारण वाडा पडला तरच जमीन मोकळी होते. दोघांचेही वागणे त्यांच्या त्यांच्या हिशेबाने बरोबर आहे. त्या हिशेबात वाडा मात्र कोणाचाच नसतो.

लाकूड आणि पांढऱ्या मातीचे हे बांधकाम दुर्लक्ष सहन करणारे नाही. कौल सरकले की पाणी भिंतीत उतरते, भिंत फुगते, खांबाचा पाय कुजतो. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे पाणी शिरले तेव्हा नदीकाठच्या पेठांमधले कित्येक वाडे याच कारणाने बसले. दर पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा बजावते, तीही याच भीतीने. नोटिशीत घर रिकामे करण्यास सांगितलेले असते. जायचे कोठे, हे नसते.

यापुढची गुंतागुंत शनिवारवाड्याच्या शेजाऱ्यांची. प्राचीन स्मारकांविषयीच्या केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटर हे निषिद्ध क्षेत्र आणि त्यापुढील २०० मीटर हे नियंत्रित क्षेत्र ठरते. निषिद्ध क्षेत्रात नव्या बांधकामास बंदी आहे. १६ जून १९९२ पूर्वीच्या घरांची डागडुजी व नूतनीकरण परवानगी घेऊन करता येते. पण कोसळलेले घर त्याच जोत्यावर, त्याच उंचीचे पुन्हा बांधण्याची सोय पहिल्या १०० मीटरांत नाही. ती सोय नियंत्रित क्षेत्रापासून सुरू होते. नियम मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

कायद्याचा हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. स्मारकाला खेटून मनोरे उठू नयेत, हे योग्यच. मात्र मोकळ्या माळावरच्या देवळाला आणि भर वस्तीतल्या शनिवारवाड्याला एकच फूटपट्टी लावली, की ज्या वस्तीमुळे त्या वाड्याला अर्थ आहे तीच मोडकळीस येते. शेजारच्या रहिवाशांची सवलतीची मागणी जुनी आहे आणि प्रत्येक निवडणुकीत तिला नवे आश्वासन मिळते. जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेने निषिद्ध क्षेत्रात सार्वजनिक कामांना मुभा देणारे दुरुस्ती विधेयक संमत केले होते. ते पुढे कायद्यात उतरले नाही. उतरले असते तरी रस्ते-पुलांना वाट मिळाली असती, राहत्या घरांना नव्हे.

मर्यादेबाहेरच्या वाड्यांची गोष्ट उलट आहे. तेथे पुनर्विकासाला वाव आहे आणि म्हणून वाडे झपाट्याने जात आहेत. त्यांच्या जागी खाली दुकाने व वर सदनिका अशा इमारती येतात आणि दर्शनी भिंतीवर 'अमुक वाडा' अशी पाटी लागते. भाडेकरूला स्वतःच्या मालकीचे घर, बंद स्वच्छतागृह आणि लिफ्ट मिळते, हे फेरीतल्या हळहळणाऱ्या मंडळींनी विसरू नये. सामाईक संडासाच्या रांगेत पन्नास वर्षे काढलेल्या माणसाला महिरपीचे कौतुक कोणी सांगावे?

तांबट आळीत चित्र थोडे वेगळे दिसले. पत्र्याला हातोडीने माठारून घाट देणारे कारागीर सकाळीच कामाला लागले होते आणि ठोक्यांच्या लयीत गाईडचे बोलणे ऐकू येत नव्हते. आमच्या सोबतच्या पाहुण्यांनी दोन तांब्याची भांडी घेतली. फेरीतला पैसा गल्लीत थेट उतरल्याचे हे एकच ठिकाण. भांडे विकता येते. ज्या घरात ते घडते त्या घराचे पाहणे विकण्याची व्यवस्था आपल्याकडे नाही.

व्यवस्थेचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक विसंगती नोंदवावी लागेल. संरक्षित स्मारकाच्या आवारात मोबदला घेऊन पाहुण्यांना फिरवायचे, तर पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. १९५९ च्या नियमांतच तसे म्हटले आहे. शनिवारवाड्याच्या दाराबाहेर पाऊल टाकले, की तो नियम संपतो. मग कोणीही, कोणालाही, कोणाच्याही चौकात नेऊ शकतो. सकाळी सातला अनोळखी माणसे ओसरीसमोर कॅमेरे रोखून उभी राहणे प्रत्येक घराला रुचत नाही. काही वाड्यांच्या दिंडीवर 'परवानगीशिवाय छायाचित्रे काढू नयेत' असे फलक दिसू लागले आहेत, आणि ते पुणेरी पाट्यांचा नमुना म्हणून टिपणारे पाहुणेही आहेत!

महापालिकेने यात काय करावे, याचे एक उदाहरण जवळच आहे. अहमदाबादच्या महापालिकेने १९९७ मध्ये काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून जुम्मा मशिदीपर्यंतची फेरी सुरू केली. मार्ग पोळांमधून, म्हणजे राहत्या मोहल्ल्यांमधून जातो. पाहुणे कोठे थांबणार, कोणत्या चौकात शिरणार, हे ठरलेले असल्याने रहिवाशांशी बोलणे ओघानेच आले. यादीतल्या जुन्या घरांच्या मालकांना न वापरलेला विकासहक्क विकून दुरुस्तीला पैसा उभारण्याची वाट तेथे खुली करण्यात आली. जुलै २०१७ मध्ये ते शहर जागतिक वारसा यादीत गेले. देशातले असे ते पहिले शहर. तेथेही घरे पडणे थांबलेले नाही, तेव्हा त्याची आरती ओवाळण्याचे कारण नाही. पण फेरी, घरमालक आणि महापालिका हे तिघे एका टेबलाशी बसू शकतात, एवढे तेथे दिसले.

पुण्यातही वारसा वास्तूंची यादी आहे, श्रेणी आहेत, विकासहक्कांची तरतूद आहे. सार्वजनिक मालकीच्या विश्रामबागवाडा आणि नानावाड्यावर महापालिकेने खर्चही केला आहे. खासगी वाड्यांपाशी मात्र हे सारे अडते, कारण कागदावरचा हक्क विकण्यासाठी आधी सर्व वारसांच्या सह्या आणि भाडेकरूंची संमती लागते. गाईडांची नोंदणी करणे, दर फेरीमागे ठरावीक रक्कम वाड्याच्या देखभाल खात्यात जमा करणे आणि त्या खात्यावर मालक व भाडेकरू दोघांच्या सह्या ठेवणे, हे त्यापेक्षा पुष्कळ सोपे काम आहे. त्यातून वाडा वाचणार नाही. पावसाळ्यापूर्वी कौले मात्र चाळून घेता येतील, आणि या बांधकामाला बहुतेक वेळा तेवढेच हवे असते. निषिद्ध क्षेत्रातल्या घरांसाठी आहे त्याच आकारात पुनर्बांधणीची मुभा मागणे हे राज्य सरकारचे आणि खासदारांचे काम आहे. त्यासाठी उंची वाढविण्याचा आग्रह आधी सोडावा लागेल, आणि तेथेच आजवरच्या मागणीचे घोडे अडले आहे.

फेरी दगडूशेठ गणपतीपाशी आली, तेव्हा गाईडने समोरच्या बाजूला बोट दाखवून पिशवीतून छायाचित्रांची वही काढली. भिडेवाडा. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली ती येथे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडेकरूंना जागा सोडण्यास सांगितले, डिसेंबरमध्ये महापालिकेने ताबा घेतला आणि मोडकळीस आलेला वाडा स्मारकासाठी उतरविण्यात आला. स्मारक व्हावे यावर दुमत नव्हते. पण खटला तेरा-चौदा वर्षे चालला आणि तेवढ्या काळात जपण्याजोगे फारसे काही उरले नव्हते. वहीत आणखी बरीच पाने होती. प्रत्येक पानावर एक दरवाजा, एक जिना किंवा एक चौक, आणि खाली पेठेचे नाव. दरवर्षी त्यात भर पडते, असे तो म्हणाला.

तुळशीबागेतल्या रामाचे दर्शन घेऊन आम्ही १८८६ च्या मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्याखाली थांबलो. फेरी संपली होती. आजींच्या वाड्याचे छायाचित्र वहीत नव्हते. ते काढून ठेवले आहे, छापून आणायचे राहिले आहे, असे त्याने सांगितले.