विश्लेषण : डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रौढांचा स्मृतिभ्रंश वेळेत का ओळखला जात नाही?

चाळिशी ओलांडलेला एखादा माणूस एकाएकी अबोल झाला, रोजची कामे अर्धवट सोडू लागला, जिना उतरताना बिचकू लागला, तर घरचे त्याला डॉक्टरकडे नेतात. त्याच माणसाला डाऊन सिंड्रोम असेल, तर मात्र ‘त्याचं असंच असतं’ या एका वाक्यावर विषय संपतो. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने अल्झायमरचा सर्वाधिक धोका ज्यांना आहे, त्यांच्यातच हा आजार सर्वात उशिरा लक्षात येतो. असे का होते आणि त्यावर उपाय काय, याचा हा आढावा.

आयुष्य वाढले, प्रश्न बदलला

डाऊन सिंड्रोमचे वर्णन ब्रिटिश डॉक्टर जॉन लँगडन डाऊन यांनी १८६६ मध्ये केले. शरीराच्या पेशींत २१ व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असणे हे त्यामागचे कारण फ्रान्समध्ये १९५९ मध्ये पुढे आले. बरीच वर्षे ही स्थिती ‘लहान मुलांची’ समजली गेली, कारण यातली अनेक मुले मोठी होईपर्यंत जगतच नसत. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान सुमारे २५ वर्षे होते. आज ते ६० च्या आसपास आहे. जन्मजात हृदयदोषांवरील शस्त्रक्रिया, प्रतिजैविके आणि संस्थेऐवजी घरात होणारे संगोपन यांमुळे हा बदल घडला.

आयुष्य वाढले तसा एक नवा आजार समोर आला. आज विकसित देशांत डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रौढांच्या मृत्यूचे प्रमुख कारण अल्झायमर हे आहे.

गुणसूत्राचा आणि अल्झायमरचा संबंध काय?

अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात. हे प्रथिन ज्या जनुकामुळे तयार होते, ते एपीपी जनुक २१ व्या गुणसूत्रावरच असते. गुणसूत्राची एक प्रत जास्त म्हणजे जनुकाचीही एक प्रत जास्त. परिणामी अमायलॉइड जन्मापासूनच अधिक प्रमाणात तयार होते. चाळिशीपर्यंत डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास प्रत्येकाच्या मेंदूत अल्झायमरसारखे बदल दिसतात.

याचा उलट पुरावाही आहे. २१ व्या गुणसूत्राचा फक्त काही भाग जास्त असलेल्या एका महिलेची नोंद १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या जादा भागात एपीपी जनुक नव्हते. ती ७८ वर्षे जगली आणि तिच्या मेंदूत अल्झायमर आढळला नाही.

धोका नेमका किती?

आयर्लंडमधील संशोधकांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या, वयाची ३५ वर्षे ओलांडलेल्या ७७ जणांचा २० वर्षे पाठपुरावा केला. त्यांपैकी ७५ जणांना स्मृतिभ्रंश झाला. निदानाचे सरासरी वय होते ५५. सर्वसाधारण लोकांमध्ये हा आजार बहुतांशी पासष्टीनंतर दिसतो, म्हणजे इथे तो किमान दहा वर्षे आधी येतो.

बार्सिलोना आणि केंब्रिज येथील ३८८ जणांच्या अभ्यासात, जो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, आणखी एक गोष्ट दिसली. पहिली लक्षणे साधारण पन्नाशीत दिसतात. पण मेंदूतले आणि रक्तातले बदल त्याआधी दोन दशकांपेक्षा जास्त काळ सुरू असतात. थोडक्यात, आजार येणार हे जवळपास निश्चित आणि त्याची वेळही साधारण माहीत. तरीही तो निसटतो.

नेहमीच्या चाचण्या का चालत नाहीत?

स्मृतिभ्रंशाची शंका असली की डॉक्टर सहसा काही ठरलेले प्रश्न विचारतात. आज तारीख काय, आपण कोणत्या शहरात आहोत, १०० मधून ७ वजा करत जा. डाऊन सिंड्रोम असलेल्या अनेकांना ही उत्तरे विशीतही देता आली नसती. त्यामुळे पंचेचाळिसाव्या वर्षी उत्तर आले नाही, यातून काहीच सिद्ध होत नाही. याउलट, उत्तम बोलणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या व्यक्तीची बरीच घसरण झाली, तरी तिचे गुण ‘बौद्धिक अक्षमतेला साजेसे’ म्हणून सोडून दिले जातात.

इथे इतरांशी तुलना करून उपयोग नाही. तुलना त्या व्यक्तीची तिच्या स्वतःच्या कालच्या क्षमतेशीच व्हायला हवी.

सुरुवातीच्या खुणा कोणत्या?

स्मृतिभ्रंश म्हटले की विसरणे डोळ्यांसमोर येते. डाऊन सिंड्रोममध्ये मात्र अनेकदा वागणे आधी बदलते. उत्साह कमी होणे, आवडत्या गाण्यांत-मालिकांत मन न रमणे, हट्टीपणा वाढणे, कामांचा क्रम चुकणे अशा त्या खुणा असतात. शर्टाची बटणे स्वतः लावणारा माणूस मध्येच थांबतो. चहा करणारी मुलगी साखर घालायची विसरते. फरशीचा रंग बदलला की पाय पुढे पडत नाही. पन्नाशीच्या आसपास प्रथमच फिट येणे हीदेखील महत्त्वाची खूण आहे.

यातली प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर किरकोळ वाटते. म्हणूनच ‘वय झालं’, ‘लाडावलाय’, ‘मूडमध्ये नाही’ अशी कारणे तयार असतात. वैद्यकीय परिभाषेत याला निदानावर पडलेली सावली म्हणतात. नवे लक्षण जुन्या स्थितीच्या सावलीत दिसेनासे होते.

मग ओळखायचे कसे?

उत्तर साधे आहे, पण त्यासाठी आधीपासून तयारी लागते. व्यक्ती धडधाकट असताना तिला काय काय येते, हे लिहून ठेवायचे. ब्रिटनमधील मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांच्या संघटनांनी वयाच्या तिशीपर्यंत अशी पहिली नोंद करावी, असे सुचवले आहे. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांनुसार चाळिशीपासून दरवर्षी तपासणी व्हावी आणि काळजीवाहकांशी बोलून सहा बाबींतले बदल पाहावेत. स्मरणशक्ती व नियोजन, वागणूक व स्वभाव, संवाद, दैनंदिन कामे, चालणे-हालचाल आणि आधी येत असलेल्या कौशल्यांतली एकूण घसरण, या त्या सहा बाबी.

यासाठी प्रश्नावल्याही उपलब्ध आहेत. अमेरिकेतील नॅशनल टास्क ग्रुपची प्रश्नावली मोफत आहे आणि व्यक्तीला किमान सहा महिने ओळखणारे कोणीही ती भरू शकते. ब्रिटनमध्ये शुमित्रो देब आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेल्या प्रश्नावलीचा पहिला भाग व्यक्तीची आयुष्यातली सर्वोत्तम क्षमता काय होती, हेच विचारतो. या प्रश्नावल्या निदान करत नाहीत. डॉक्टरकडे कधी जायचे आणि तिथे काय सांगायचे, हे त्या ठरवून देतात.

मोबाइलवर दरवर्षी काढलेला पाच मिनिटांचा व्हिडीओही फार उपयोगी पडतो. कपडे घालताना, जेवण वाढून घेताना, जिना चढताना, गप्पा मारताना. दोन वर्षांचे व्हिडीओ शेजारी ठेवले की डॉक्टरला जे दिसते, ते दहा मिनिटांच्या तपासणीत दिसत नाही.

प्रत्येक बदल म्हणजे अल्झायमरच का?

नाही, आणि ही दुसरी चूक पहिलीइतकीच महागात पडते. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइडची कमतरता, झोपेत श्वास अडखळणे, ऐकू कमी येणे, मोतीबिंदू आणि नैराश्य यांचे प्रमाण मुळातच जास्त असते. ब-१२ ची कमतरता, मानेच्या मणक्यातला दोष, औषधांचे दुष्परिणाम किंवा न सांगता येणारी दातदुखी यांमुळेही माणूस ‘पूर्वीसारखा’ राहत नाही. आई-वडिलांचा मृत्यू, भावंडांचे लग्न, घर बदलणे यांचा धक्का शब्दांत न येता वागण्यातून बाहेर पडतो.

यातल्या बहुतेक गोष्टींवर उपचार आहेत. म्हणून स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारण्याआधी या सगळ्या तपासण्या होणे आवश्यक ठरते. चाळिशीच्या आत अल्झायमरचे निदान करताना तर विशेष सावधगिरी बाळगावी, असे मार्गदर्शक सूचना सांगतात.

रक्तचाचणी आणि औषधांचे काय?

रक्तातील पी-टाऊ २१७ या प्रथिनावरून मेंदूतील अल्झायमरचा अंदाज घेता येतो, हे डाऊन सिंड्रोम असलेल्यांमध्येही दिसून आले आहे. मात्र चाचणी मेंदूतले बदल सांगते. लक्षणे सुरू झाली का, हे तिला सांगता येत नाही. चाळिशीनंतर असे बदल जवळपास सर्वांमध्ये असल्याने केवळ अहवालावरून काही ठरवता येणार नाही.

औषधांबाबत चित्र अजून धूसर आहे. मेमँटिन हे प्रचलित औषध डाऊन सिंड्रोम असलेल्या चाळिशीपुढच्या रुग्णांना वर्षभर देऊन पाहिले गेले, पण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्याचा लाभ दिसला नाही. अमायलॉइड हटवणाऱ्या लेकानेमॅब आणि डोनानेमॅब या नव्या औषधांच्या मुख्य चाचण्यांत हा गट नव्हताच. त्यांच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांतही अमायलॉइड साचत असल्याने रक्तस्रावाची भीती अधिक आहे. आता त्यांचा समावेश असलेल्या चाचण्या सुरू झाल्या आहेत. पण सहभागी होण्यासाठीही आजार लवकर ओळखला जाणे गरजेचे आहे.

भारतात अडचण कुठे?

आपल्याकडे डाऊन सिंड्रोमशी संबंधित सेवा प्रामुख्याने बालरोगतज्ज्ञ आणि विशेष शाळा यांच्याभोवती फिरतात. मूल अठरा वर्षांचे झाले की ही साखळी तुटते. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर बुद्ध्यांक असतो. पण त्या व्यक्तीला स्वयंपाकघरात, बसमध्ये, दुकानात काय जमत होते, हे कुठेच लिहिलेले नसते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते, पण चाळिशीनंतर नेमकी कोणती तपासणी करायची, हे कुटुंबाला सांगणारे कोणी नसते.

त्यामुळे सगळी माहिती एकाच ठिकाणी उरते, ती म्हणजे आईच्या आठवणीत. मुलगा पन्नाशीला येतो, तेव्हा आई पंचाहत्तर-ऐंशीची असते. ती गेली की त्याला पूर्वी काय येत होते, हे सांगणारा शेवटचा साक्षीदारही जातो. काळजी घ्यायला पुढे आलेल्या भावाला किंवा वहिनीला मग घसरण कळणार कशाच्या तुलनेत?

बरा होत नाही, तर ओळखून उपयोग काय?

उपयोग बराच आहे. थायरॉइड किंवा झोपेचा आजार असेल तर तो बरा करता येतो. स्मृतिभ्रंशच असेल तर ‘मुद्दाम करतो’ म्हणून होणारी रागावणी थांबते. फिट येण्याची आणि घास श्वासनलिकेत अडकण्याची शक्यता गृहीत धरून तयारी करता येते. पालकत्व, पैसे आणि राहण्याची सोय यांचे निर्णय, ती व्यक्ती स्वतःचे मत सांगू शकते तोवर घेता येतात. आयर्लंडच्या अभ्यासात निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यांक सात वर्षे होता. सात वर्षे हा काही थोडा काळ नाही.

त्यासाठी आज महागडी यंत्रणा लागत नाही. घरात डाऊन सिंड्रोम असलेली पंचविशी-तिशीची व्यक्ती असेल, तर एक वही, एक तारीख आणि ‘सध्या तिला काय काय येते’ याची यादी, एवढ्याने सुरुवात होते.