फियाटला ऊन लागतं तेव्हा...

मे महिना, दुपारचा एक आणि सोलापूर-अक्कलकोट रस्ता. बाबांची १९९२ ची प्रीमियर पद्मिनी (आमच्या घरात ती अजूनही 'फियाट'च!) वळसंगच्या अलीकडे दोन गचके देऊन गप्प झाली. जवळपास झाड नाही, शेजारी घामानं निथळणारे बाबा. सेल मारला की इंजिन घरघर फिरायचं, पण पकडायचं नाही. मी छातीठोकपणे निदान केलं, बॅटरी गेली! पुण्यातल्या मित्राला फोन लावला, तोही म्हणाला, बॅटरीच.

बाबा एवढंच म्हणाले, "अगं, देऊन टाकू आता भंगारात."

हे चेष्टेत नव्हतं. गाडीचं रजिस्ट्रेशन २०२७ मध्ये पुन्हा करावं लागणार. त्याची फी २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारला थेट दहा हजार. आई गेल्यापासून बाबा दर महिन्याला याच गाडीनं अक्कलकोटला जातात. गाडी गेली तर एसटीनं जाईन म्हणतात. जाणार नाहीत, मला माहितीये.

एका बाइकवाल्यानं वळसंगमधून मेस्त्रींना आणलं. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी मला सेल मारायला लावला आणि नुसतं ऐकलं. "बॅटरी दमदार आहे की ओ ताई. बॅटरी गेल्यावर इंजिन असं फिरतंय व्हय?"

माझं निदान तिथेच आडवं झालं.

पेट्रोल इंजिन नीट फिरतंय पण सुरू होत नाही, तर बहुतेक वेळा प्रश्न दोनच : ठिणगी पोचतेय का आणि पेट्रोल पोचतंय का? मेस्त्रींनी एक प्लग काढून वायरला लावला, इंजिनच्या लोखंडाला टेकवला, मला पुन्हा सेल मारायला सांगितला. निळी ठिणगी. म्हणजे पॉइंट, कॉइल सगळं ठीक. (पेट्रोलचा वास येत असेल तर हा प्रयोग अजिबात नको!) मग त्यांनी पेट्रोल पंपाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. आमचीच पाण्याची बाटली फडक्यावर ओतली, फडकं पंपाला गुंडाळलं आणि म्हणाले, "काका, चहा घेऊ या."

वीस मिनिटांनी गाडी पहिल्या सेलला सुरू!

याला म्हणतात व्हेपर लॉक. पद्मिनीचा पंप इंजिनलाच चिकटलेला असतो. उन्हानं आणि इंजिनच्या तापानं पाइपातलं पेट्रोल उकळतं, त्याचे बुडबुडे होतात, आणि द्रव पेट्रोल ढकलण्यासाठी केलेल्या त्या पंपाला बुडबुडे ढकलता येत नाहीत. थंड झालं की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. हल्लीच्या गाड्यांचा पंप टाकीतच बुडालेला असतो, म्हणून आपल्या पिढीला हा आजार ठाऊक नाही. मेस्त्रींनी आणखी एक दाखवलं : पेट्रोलचा रबरी पाइप मऊ पडून चिरला होता. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यानं लवकर खराब होतं. इथेनॉल-प्रूफ पाइप टाकून घ्या, खर्च किरकोळ आहे. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून इथेनॉलवर रुसून कसं चालेल?

खरी बॅटरीची तक्रार ओळखायला सोपी असते. किल्ली फिरवली की नुसतं टिक-टिक. हेडलाइट लावून सेल मारा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. नवी बॅटरी घेण्याआधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यानं धुवा, घट्ट आवळा, वर व्हॅसलीन. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी.

आणि चालत्या गाडीत चार्जिंगचा लाल दिवा लागला, पाठोपाठ टेम्परेचरचा काटा चढला, तर लगेच थांबा. पंखा, पाण्याचा पंप आणि चार्जिंग एकाच बेल्टवर चालतं, आणि तो बेल्ट तुटलेला असणार. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडायचं नाही. हात भाजलेले दोन काका माझ्या ओळखीत आहेत.

चहा पिताना बाबांना बोलायला विषयच मिळाला. प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढणारे वालचंद हिराचंद सोलापूरचेच, जन्म १८८२. कंपनी १९४४ ची, गाड्या कुर्ल्यात बनायच्या. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. "मुंबईची थांबली ओ," मेस्त्री म्हणाले, "तुमची कुठं थांबलीय?"

पैसे विचारले तर म्हणाले, पाणी तुमचं, फडकं तुमचं. शेवटी बाबांनी बळेच दोनशे रुपये त्यांच्या खिशात कोंबले. डिकीत आता दोन लिटरची पाण्याची बाटली, जुना टॉवेल आणि एक जादा फॅन बेल्ट असतो. दहा हजारांचं अजून ठरलेलं नाही. पण परवा बाबांनी मला विचारलं, आरटीओचा फॉर्म ऑनलाइन भरतात का गं?