गोधडी माळ्यावर का?

मैत्रिणींनो, घर सजवायचं म्हटलं की आपण आधी बाजार का गाठतो?

परवा बचतगटाच्या कामासाठी भोरहून वेल्ह्याला गेले होते. मला पाहताच त्या घरच्या सुनेने कॉटवरची लहानशी गोधडी उचलून माळ्यावर टाकली. "जुनेरांची आहे हो ताई, लाज वाटते." टीपॉयवर मात्र प्लॅस्टिकची फुलं धूळ खात होती! मी गोधडी खाली काढायला लावली. लुगड्यांचे काठ, पोरांच्या झबल्यांचे तुकडे आणि मुंग्यांच्या रांगेसारखा धावदोरा. हीच पुण्याच्या प्रदर्शनात ‘क्विल्ट’ म्हणून मांडली की आपण हौसेने पैसे मोजतो. घरात शिवणाऱ्या बाईला मात्र ‘छान झालीय’ एवढंही कुणी म्हणत नाही, याचा मला राग येतो.

वरच्या कडेला कापडाचे पाच बंद शिवले, त्यातून वेळूची काठी घातली आणि टांगली भिंतीवर. खर्च शून्य. फक्त आपल्याकडचा पाऊस पाहता मिरगाआधी उतरवायची, नाहीतर ओल धरते.

एवढ्यात सासूबाई चुलीपुढून उठून आल्या. हिरव्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे माझं लग्नातलं लुगडं." सुनेला दहा वर्षांत हे माहीतच नव्हतं.