बँकॉक : व्हिसा गेला, चौकशी उरली

नवी दिल्ली : मुंबईहून जेमतेम साडेचार तासांच्या विमानप्रवासावर असलेले बँकॉक हे अनेक भारतीय कुटुंबांचे पहिले परदेशी शहर ठरू लागले आहे. थायलंडने १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसाविना प्रवेश दिला आणि १५ जुलै २०२४ पासून वास्तव्याची मुदत ३० दिवसांवरून ६० दिवसांवर नेली. त्या वर्षी २१ लाखांहून अधिक भारतीयांनी थायलंडला भेट दिली. व्हिसाच्या अर्जाची कटकट मिटली, मात्र त्यामागची छाननी संपलेली नाही. पूर्वी जी कागदपत्रे दूतावासाच्या खिडकीवर तपासली जात, ती आता विमानतळावरील अधिकारी मागू शकतो आणि त्यासाठी त्याच्याकडे काही मिनिटेच असतात.

१ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला डिजिटल आगमनपत्र भरणे बंधनकारक आहे. ते आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत, थायलंडच्या इमिग्रेशन विभागाच्या संकेतस्थळावर विनामूल्य भरता येते. त्यासाठी पैसे मागणारी, दिसायला हुबेहूब सरकारी वाटणारी संकेतस्थळेही आहेत; शुल्क मागितले की ते पान बंद करावे, हे उत्तम. परतीचे तिकीट, हॉटेलचे आरक्षण आणि खर्चापुरत्या रकमेचा पुरावा छापील स्वरूपात जवळ असावा, कारण समाधान न झाल्यास प्रवाशाला आल्या पावली परत धाडण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला आहे. व्हिसामुक्त वास्तव्याची मुदत घटवण्याचा विचार थायलंडमध्ये पुनःपुन्हा पुढे आला आहे. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी थाई दूतावासाचे संकेतस्थळ पाहावे. मुदत उलटल्यास दिवसाला ५०० बाट, कमाल २० हजार बाट दंड होतो.

या सवलतीची काळी बाजू पर्यटनाबाहेरची आहे. बँकॉकपासून सुमारे ५०० किलोमीटरवर मे सोट हे सीमेवरचे गाव आहे. तेथील मोई नदीपलीकडे म्यानमारचा म्यावाडी परिसर लागतो. समाजमाध्यमांवरील 'डेटा एन्ट्री' किंवा 'डिजिटल मार्केटिंग'च्या जाहिरातींना भुलून बँकॉकला उतरलेले तरुण येथून नदीपार नेले गेले आणि सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत राबवले गेले. परराष्ट्र मंत्रालयाने याबाबत २०२२ मध्येच इशारा दिला होता. तरीही मार्च २०२५ मध्ये हवाई दलाची विमाने पाठवून दोन दिवसांत ५४९ भारतीयांना परत आणावे लागले. व्हिसामुक्त प्रवेश हा नोकरीचा परवाना नव्हे. थायलंडमध्ये कामासाठी स्वतंत्र व्हिसा आणि वर्क परमिट लागते. 'आधी पर्यटक म्हणून या, कागद नंतर करू' असे सांगणारा मालक आणि विमानतळावर काय खोटे बोलायचे हे पढवणारा दलाल, या दोन खुणा पुरेशा आहेत. भरती करणाऱ्या एजंटाची नोंदणी केंद्र सरकारच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवर घरबसल्या पडताळता येते.

खुद्द शहरातील अडचणी त्या मानाने किरकोळ, पण खिशाला बोचणाऱ्या आहेत. सुवर्णभूमी विमानतळावरून रेल्वेने अर्ध्या तासात फाया थाई स्थानक गाठता येते आणि तेथे उन्नत मेट्रो मिळते. टॅक्सी घेतल्यास मीटरचाच आग्रह धरावा. विमानतळाचे ५० बाट अधिभार आणि द्रुतगती मार्गाचा टोल प्रवाशाने देणे हा नियम आहे, त्यावरून वाद घालू नये. सायंकाळच्या कोंडीत मात्र टॅक्सीपेक्षा मेट्रो किंवा चाओ फ्राया नदीतील बोट केव्हाही सरस.

ग्रँड पॅलेसजवळ 'आज राजवाडा बंद आहे' असे आर्जवाने सांगणारा गृहस्थ भेटण्याची शक्यता मोठी आहे. त्यामागे बहुधा स्वस्तातली टुकटुकची फेरी आणि शेवटी रत्नांचे दुकान असते. त्याला हसून नमस्कार करावा आणि प्रवेशद्वारापर्यंत चालत जाऊन स्वतः खात्री करावी. खांदे व गुडघे झाकणारे कपडे नसतील तर आत सोडत नाहीत. राजघराण्याविषयीची थट्टा टाळावी, समाजमाध्यमांवरही. थाई दंडसंहितेच्या कलम ११२ खाली राजघराण्याच्या बदनामीच्या प्रत्येक गुन्ह्याला ३ ते १५ वर्षांची शिक्षा आहे. ई-सिगारेट घरीच ठेवावी. तिच्या आयातीवर बंदी आहे.

शाकाहारी मंडळींची खरी परीक्षा भाजीत होते, कारण वरून निव्वळ भाजी दिसणाऱ्या पदार्थातही माशाचा रस किंवा कोळंबीची चटणी असते. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरांत 'जे' लिहिलेले असेल तेथे निर्धास्त जेवावे. तेथे कांदा-लसूणही नसतो. फाहुरत या जुन्या भारतीय बाजारपेठेत ओळखीची चव मिळते. पदपथावरच्या गाड्यांसाठी रोख बाट हवेत. एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी साधारण २२० बाट आकारते, त्यामुळे थोडीथोडी रक्कम काढणे महागात पडते. 'रुपयांत रूपांतर करायचे का' या प्रश्नाला नकार द्यावा, कारण तो दर सहसा तोट्याचाच असतो.

परतीच्या सामानाबाबत कोणतीही ढिलाई नको. थायलंडने २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून वगळला आणि २०२५ मध्ये त्याच्या विक्रीला पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. भारतात मात्र तो १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हाच आहे. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांतून हायड्रोपोनिक गांजा पकडला गेल्याच्या बातम्या मुंबई विमानतळावरून सातत्याने येतात. फुकटच्या सहलीच्या बदल्यात कोणी बॅग सोपवत असेल, तर ती सहलच नाकारावी. बुद्धमूर्ती आणायची असल्यास थायलंडच्या ललित कला विभागाची परवानगी लागते का, हे दुकानातच विचारून घ्यावे. अडचण आल्यास पर्यटक पोलिसांचा ११५५ हा क्रमांक आहे. पासपोर्टची छायाप्रत मूळ पासपोर्टपासून वेगळी ठेवल्यास दूतावासातील काम सुकर होते.