दुचाकीमागचे घर

गेल्या महिन्यात एका रात्री बडोद्याहून आमच्या ताईचा दूरध्वनी आला. स्वर चिंतेचा होता. तिचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, इंग्लंडात लेस्टर येथे नोकरीनिमित्त स्थायिक आहे. दर उन्हाळ्यात तो आणि सूनबाई मोटारसायकलीवर तंबू बांधून स्कॉटलंडच्या डोंगरांत आठ-दहा दिवस हिंडून येतात. यंदा मात्र सूनबाईंच्या कंबरेच्या मणक्याने दगा दिला आणि डॉक्टरांनी जमिनीवर झोपण्यास मनाई केली. प्रवास सोडायचा तर दोघांच्याही जिवावर आलेले. तेव्हा चिरंजीवांनी तोड काढली की, मोटारसायकलीमागे ओढायचे तंबूघर विकत घ्यावे.

"अरे, तू त्याचा मामा. तुझं तो ऐकतो. हे खूळ सोड म्हणावं त्याला!" ताई म्हणाली.

हे तंबूघर म्हणजे काय, असे आमचे वाचक विचारतील. दोन लहान चाकांवरची बंद पेटी, तिला पुढे दांडा आणि दांड्याच्या टोकाला मोटारसायकलीस अडकवायची जोडणी. मुक्कामी पोहोचल्यावर पेटीचे झाकण उलगडले की वर तंबू उभा राहतो आणि आत जमिनीपासून हात-दीड हात उंच बिछाना तयार होतो. अमेरिकेत अशी घरे घेऊन हिंडणारी वृद्ध जोडपीही आहेत. भाच्याने पाहिले होते तेही एक जुने अमेरिकन बनावटीचेच.

'खूळ सोड' असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. १९७६ साली आम्हीही सौ.ला स्कूटरवर मागे बसवून, तिच्यामागे होल्डॉल, स्टोव्ह आणि पाण्याची कळशी बांधून इंदूरहून मांडूला गेलो होतो. धारच्या पुढे चढ लागला, सगळा भार मागे गेला, पुढचे चाक हलके झाले आणि हँडल हातात तरंगू लागले. त्या दिवशी वाचलो ते वेग कमी होता म्हणून. घरी आल्यावर आठ दिवस आम्ही ही गोष्ट कोणास सांगितली नाही. तेव्हा भाच्याला उपदेश न करता आम्ही एवढेच म्हणालो, "हिशेब मांडून पाहू."

हिशेबाची सुरुवात कायद्यापासून केली. इंग्लंडात ट्रेलर ओढणाऱ्या मोटारसायकलीचे इंजिन १२५ सी.सी.हून मोठे असावे लागते. ट्रेलरची रुंदी एक मीटरपेक्षा अधिक चालत नाही आणि मोटारसायकलीच्या मागच्या आसापासून ट्रेलरच्या शेवटापर्यंतचे अंतर अडीच मीटरांत बसावे लागते. भरलेल्या ट्रेलरचे वजन १५० किलो किंवा मोटारसायकलीच्या स्वतःच्या वजनाच्या दोन-तृतीयांश, यांपैकी जे कमी असेल तेवढेच. ट्रेलरचे रिकामे वजन त्यावर लिहिलेले असावे, हाही नियम आहे.

भाच्याची मोटारसायकल १९५ किलोंची. म्हणजे मर्यादा १३० किलोंची. त्याने पसंत केलेले तंबूघर रिकामेच १२२ किलोंचे! उरले आठ किलो. त्यांत दोघांचे अंथरूण-पांघरूण, कपडे, स्टोव्ह, भांडी आणि पाणी कसे बसावे? पाण्याचा एक लिटर म्हणजेच एक किलो. शिवाय पावसात भिजलेला तंबू सकाळी घडी घालताना किती जड होतो, हे ज्याने उचलला त्यालाच ठाऊक. रुंदीही मापून घेतली, तर ती एक मीटर वीस सेंटिमीटर निघाली.

"मामा, बिछाना किती मऊ आहे तेवढंच मी पाहिलं होतं," भाचा ओशाळून म्हणाला.

मोठी मोटारसायकल घ्यावी, हा विचार त्याच्या मनात आलाच. पण गंमत पाहा. मोटारसायकल सव्वादोनशे किलोंची झाली की दीडशेची मर्यादा गाठली जाते. पुढे ती चारशे किलोंची घेतली तरी ट्रेलरचा एक किलोही वाढत नाही. पैसा मात्र वाढतो.

निवड करताना आणखी काही गोष्टी आम्हांस शिकायला मिळाल्या, त्या सांगतो. दांड्याच्या टोकावर, म्हणजे जोडणीवर, भरलेल्या ट्रेलरच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका भार पडावा. फार कमी पडला तर ट्रेलर वेगात शेपटासारखा हेलकावे खातो. फार झाला तर आमच्या स्कूटरसारखी गत होते. म्हणून जड सामान आसाच्या वर किंवा किंचित पुढे ठेवावे. जोडणी अशी असावी की वळणावर मोटारसायकल कलली तरी ट्रेलर सरळ राहील. चाके अगदी लहान असली तर ती अधिक वेगाने फिरतात, बेअरिंगे तापतात. त्यांना वेळेवर ग्रीस हवे. आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर सगळा भार मोटारसायकलीच्याच ब्रेकांवर येतो, म्हणून पुढच्या वाहनापासूनचे अंतर नेहमीपेक्षा बरेच जास्त ठेवावे.

सर्वांआधी मात्र मोटारसायकलीची पुस्तिका वाचावी. कित्येक उत्पादक ट्रेलर ओढण्यास त्यात स्पष्ट मनाई करतात. भाच्याच्या पुस्तिकेत मनाई नव्हती. विमा कंपनीकडूनही त्याने लेखी होकार घेतला. आपल्याकडे कोणी वेल्डिंगवाल्याकडून अशी गाडी करून घेण्याच्या विचारात असेल, तर त्याने आधी परिवहन कार्यालयात विचारावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ट्रेलरही मोटार वाहनांतच मोडतो आणि त्याचीही नोंदणी लागते.

अखेर कोंडी फोडली ती सूनबाईंनी. त्या म्हणाल्या, "मला घर नको, जमिनीपासून वर झोपायला मिळालं म्हणजे झालं." मग पंचेचाळीस किलोंचा साधा अरुंद सामानाचा ट्रेलर घेतला. त्यात जुनाच तंबू आणि दोन घडीच्या खाटा गेल्या. सामानासह सारे नव्वद किलो भरले. न्हाणीघरातला वजनकाटा जोडणीखाली ठेवून तिथला भार पाहिला, तो नऊ किलो. दोन रविवार मोकळ्या पटांगणात, प्रथम रिकामा आणि मग भरलेला ट्रेलर घेऊन, वळणे आणि ब्रेक यांचा सराव केला.

स्कॉटलंड अजून दूर आहे. पण मागच्या शनिवारी दोघे डर्बीशरच्या डोंगरांत दोन रात्री राहून आले. ताईला पहिला दूरध्वनी सूनबाईंचाच गेला. "आई, सकाळी माझी मी उठून उभी राहिले. हात धरावा लागला नाही," त्या म्हणाल्या. ताईने आम्हांस हे सांगितले तेव्हा तिचा स्वर निराळा होता. खूळ हा शब्द तिने पुन्हा उच्चारला नाही, फक्त विचारले, "त्या ट्रेलरला मागे दिवे आहेत ना रे?"

आहेत. आम्ही ते आधीच विचारून घेतले होते.