चमचा घेऊन कोण बसणार?

पावसाळा लागला की डोंबिवलीतल्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत रात्री आठनंतर बसायला जागा मिळत नाही. आई-बाबा लोकलने परत येतात तेव्हाच मुलाला डॉक्टरांकडे नेणं जमतं. उलट्या-जुलाबांनी मलूल झालेलं लेकरू खांद्यावर आणि तोंडात एकच विनंती: "पोटात काही ठरतच नाही हो, सलाईन लावून टाका." ही काळजी मला कळते. पण पुष्कळ मुलांना सलाईनच्या आधी हवं असतं ते शेजारी निवांत बसलेलं माणूस.

तहानलेलं मूल पेलाभर पाणी गटागटा पितं आणि चिडलेलं पोट ते लगेच बाहेर टाकतं. आपण समजतो, याला पाणीच सोसत नाही. उलटी झाली की दहा मिनिटं थांबावं आणि मग दर एक-दोन मिनिटांनी ओआरएसचा, म्हणजे ठरावीक प्रमाणातल्या मीठ-साखरेच्या पाण्याचा, एकेक चमचा द्यावा. पाच मिलिलिटरचा चमचा दर मिनिटाला दिला, तर तासाभरात ३०० मिलिलिटर पोटात जातं. आपल्या आज्यांनी बोंडल्याने तान्ह्या बाळांना असंच थेंबाथेंबाने पाजलं आहे.

या साध्या कृतीचं बळ जगाने १९७१ साली पाहिलं. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते पाजण्याचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. तीस टक्क्यांच्या घरात गेलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. त्या छावणीतल्या आया आणि बहिणीही या यशाच्या तितक्याच मानकरी आहेत.

मीठ आणि ग्लुकोज ठरावीक प्रमाणात एकत्र आले की आतडं पाणी शोषून घेतं. साखर जास्त झाली तर तेच पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणून खोक्यातले गोड रस आणि शीतपेयं अशा वेळी नकोत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती याचसाठी. ओआरएसच्या पुडीवर लिहिलंय तेवढ्याच उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खी पुडी विरघळवा आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. पुडी हाताशी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, मोठ्याला १०० ते २००. अंगावरचं दूध तोडू नये. वरचं खाणाऱ्या मुलाला मीठ घातलेली भाताची पेज, वरणाचं पाणी, ताक चालतं. डॉक्टरांनी दिलेलं झिंक जुलाब थांबले तरी सांगितलेले सगळे दिवस द्यावं.

मात्र डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, सहा-आठ तास लघवी झाली नाही, बाळाची टाळू आत गेली, शौचात रक्त दिसलं, मूल गुंगीत असेल किंवा चमचाही घेईना, तर घरी थांबू नका. कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठा.

राहिला प्रश्न बसणाऱ्या माणसाचा. इथल्या घरांमधून दोन्ही पालक सकाळीच गाडी पकडतात आणि मूल आजीपाशी किंवा पाळणाघरात राहतं. त्यांच्या हाती नुसती पुडी देऊन निघू नका. किती पाण्यात, किती वेळाने, कधी फोन करायचा, हे कागदावर लिहून द्या. शक्य असेल तर पहिल्या दिवशी एकाने घरी थांबा. ही रजा मागितल्याबरोबर मिळायला हवी, आणि ती दर वेळी आईनेच काढावी असंही नाही. चमचा बाबांनाही धरता येतो.